दोन पुलांवरून शाळेत

रिटायर झाल्यावरच्या पहिल्या हिवाळ्यात मी शेजारच्या इंग्रज बाईंचा ड्राइव्ह-वे, म्हणजे गॅरेजपुढची वाट, फावड्याने बर्फ काढून मोकळी करायला लागलो आणि त्यातूनच त्यांच्या गावाचा इतिहास माझ्याकडे आला.

रिचमंड हिलच्या आमच्या गल्लीत त्या आमच्याही आधीपासून राहत होत्या. वय शहाऐंशी, घरात एकट्या, आणि नजर बरीच अधू झालेली. इंग्लंडमधल्या एका लहानशा खेड्यात जन्मलेल्या, लग्नानंतर इकडे कॅनडात आलेल्या. एक चर्च, एक ओढा, त्याच्या कडेने जाणारी एकच गल्ली आणि तीसेक घरं, एवढंच ते गाव. त्याचा इतिहास त्या कित्येक वर्षं वह्यांमध्ये लिहीत होत्या. आता अक्षरं दिसेनाशी झाली होती आणि पुस्तक तर पुरं करायचं होतं.

"तुम्ही नकाशे काढायचात ना?" एक दिवस मला चहाला बसवून त्यांनी विचारलं. "माझ्या पुस्तकाला नकाशा नाहीये."

मी ड्राफ्ट्समन. आधी ठाण्यात, मग इकडे मार्कहॅमच्या एका ऑफिसात उभी हयात रस्ते आणि गटारं कागदावर काढली. नकाशाला नाही म्हणणं मला जमणारं नव्हतं. मग दर मंगळवारी मी लॅपटॉप घेऊन त्यांच्या स्वयंपाकघरात बसू लागलो. आधी वह्या मोठ्याने वाचून टाइप करायच्या, मग थोडा नकाशा.

वाचताना मला मजा येई. चर्चच्या घंटेला तडा कसा गेला, गिरणी कधी थांबली, लोहाराच्या भट्टीचं गॅरेज कसं झालं. माझं बालपण वसईतल्या पॅरिशमध्ये गेलेलं, त्यामुळे बाप्तिस्म्याच्या नोंदवह्या आणि फादरशी भांडणारे गावकरी मला घरचेच वाटले. मी घरी येऊन बायकोला सगळं सांगायचो. ती म्हणायची, "अहो, तुम्हाला आता आपल्या गावापेक्षा त्यांचंच गाव जास्त पाठ झालंय."

एक प्रकरण गावातल्या मोठ्या शेतमालकावर होतं. त्याने गावाच्या सभागृहासाठी जमीन दिली होती. बाईंनी त्याच्याबद्दल पानभर चांगलं लिहिलं होतं.

अडलं ते शाळेपाशी. बाई डोळे मिटून वाट सांगत होत्या आणि मी काढत होतो. "चर्चमागच्या आमच्या खोलीतून निघालं की डावीकडे दगडी पूल. मग ओढ्याच्या पलीकडून शेतातून बरंच चालायचं. मग लाकडी पूल. तो ओलांडला की शाळा. चांगला अर्धा तास लागायचा."

"म्हणजे शाळा ओढ्याच्या पलीकडे?"

"हो. पलीकडे."

मी पेन्सिल थांबवली. "बाई, दोन पूल ओलांडले की माणूस पुन्हा आपल्याच काठावर येतो."

मी लॅपटॉपवर त्या गावाचा सॅटेलाइट नकाशा उघडला. चर्च सापडलं, त्यामागची त्यांची खोली असलेली इमारत सापडली. शाळेच्या इमारतीत आता कोणाचं तरी घर होतं, पण छपरावरचा घंटेचा छोटा मनोरा तसाच होता. खोली आणि शाळा एकाच गल्लीच्या दोन टोकांना होत्या. मी अंतर मोजलं. सरळ गेलं तर पाच मिनिटांची वाट.

"सरळ वाटेवर बैल सुटलेला असतो, असं आई सांगायची," बाई हळूच म्हणाल्या. "मधे काय दिसतंय तुम्हाला?"

"एका ओळीत चार छोटी घरं. त्यामागे मोठं शेतघर."

बाईंनी कप खाली ठेवला. बराच वेळ त्या टेबलक्लॉथची घडी बोटाने सपाट करत राहिल्या. मग त्यांनी सांगायला सुरुवात केली. त्या चारांपैकी शेवटच्या घरात त्यांचा जन्म झाला होता. वडील त्याच शेतमालकाकडे कामाला होते, आणि घर नोकरीबरोबर मिळालेलं. बाई पाच वर्षांच्या असताना वडील गवताच्या गंजीवरून पडले आणि त्यांचं कंबरेचं हाड मोडलं. नवा गडी आला, त्याला घर हवं होतं. गादी, खुर्च्या आणि कोंबड्यांची खुराडी एका गाडीवर चढली, आणि चर्चच्या मागच्या एका खोलीत संसार लागला. बाईंची शाळा त्यानंतर सुरू झाली.

"आईला ते घर बघायचं नव्हतं," त्या म्हणाल्या. "किंवा मी ते बघायला नको, असं तिला वाटायचं. मला हे आज कळतंय. थंडीपावसात रोज अर्धा तास चालवायची मला, हात घट्ट धरून. मी तिला बैलाबद्दल कितीदा विचारलं, तो काळा आहे का, त्याला शिंगं आहेत का."

त्या रडल्या नाहीत. मीच उठून उगाच किटलीत पाणी भरलं.

"हे इतिहासात का नाही लिहिलं?" मी विचारलं.

"ते आमच्या घरातलं होतं. इतिहास गावाचा आहे."

"घर गावातच होतं ना?"

पुढच्या मंगळवारी त्यांनी मला चार वाक्यं सांगितली. अपघात, घर, गाडी, चर्चमागची खोली. एकही विशेषण नाही. "कुठे घालू?" मी विचारलं. त्यांनी शेतमालकाचं प्रकरण उघडायला सांगितलं. मला वाटलं, आधीचं कौतुक त्या खोडतील.

"नाही. जमीन त्याने दिली होती, तेही खरं आहे. त्याच्या खाली लिहा."

नकाशावर मी दोन्ही वाटा काढल्या, सरळ वाट सलग रेषेने आणि लांबची तुटक रेषेने.

पुस्तक छापून झाल्यावर काही प्रती गावी पाठवल्या. महिन्याभराने ईमेल आली, ती त्या शेतमालकाच्या नातवाची. मी वाचून दाखवायला जरा घाबरतच होतो. त्याने लिहिलं होतं की आमच्या घरात याबद्दल कधीच कोणी बोललं नाही. त्याने म्हाताऱ्या आत्याला विचारलं, तर तिला गाडीवरची खुराडी आठवत होती. त्याला वाईट वाटलं होतं. आजोबांनी दिलेल्या त्या सभागृहात नकाशा लावायची परवानगी त्याने मागितली होती.

बाईंनी ते पत्र माझ्याकडून तीनदा वाचून घेतलं. मग म्हणाल्या, "हो म्हणून कळवा. आणि त्याच्या आत्याला माझा नमस्कार सांगा. शाळेत ती माझ्यापुढच्या बाकावर बसायची."

त्यानंतर दोघींचं फोनवर बोलणं सुरू झालं. दर रविवारी, चर्चहून आल्यावर.

ऑक्टोबरमध्ये बाईंची मुलगी त्यांना हॅलिफॅक्सला आपल्या घरी न्यायला आली. एकटीने आणखी एक हिवाळा काढणं आता शक्य नव्हतं. आम्ही दोघं निरोप द्यायला बाहेर उभे होतो. मुलीने बॅगा ठेवल्या, गाडी सुरू केली. बाईंनी काच खाली करून माझ्या बायकोला हाक मारली आणि सांगितलं, "फ्रीजमध्ये अर्धा केक राहिलाय. तुम्ही घेऊन जा, टाकू नका."