हिरवी टिकली

माझ्या ब्राउझरमधल्या बुकमार्कच्या प्रती तीन जागी असतात. एक कॉम्प्युटरवर, एक पेनड्राइव्हवर आणि एक थेट मैत्रिणीच्या घरी. लेक मला हसते. हसू दे. तिनं माझ्या आईचा रेडिओ पाहिलेला नाही.

नामांतराच्या बातम्यांनी मराठवाडा ढवळून निघत होता तेव्हाची गोष्ट. पालमजवळच्या आमच्या गावात वडील दिवेलागणीला रेडिओला कान लावून बसायचे. बातम्या संपल्या की ते मुकाट उठायचे आणि आई बसायची. ती वेळ तिची होती.

आईचं माहेर बिदरकडचं, घरची बोली कानडी. लग्न होऊन आली तेव्हा तिच्या मोडक्या मराठीला सगळी भावकी हसली. तिनंही हट्टानं मराठी शिकून घेतली आणि कानडी अशी गिळून टाकली की आमच्याशीसुद्धा कधी बोलली नाही. पुढं मामा वारले आणि माहेरी जायचं कारणच संपलं. उरलं ते फक्त रेडिओवरचं गुलबर्ग्याचं स्टेशन. तेही दिवस मावळल्यावरच लागायचं, दोन दणदणीत स्टेशनांच्या सांदीत, खरखरत. काटा केसभर सरकला की गेलं. आईला आकडे वाचता येत नव्हते, म्हणून तिनं काचेवर कपाळाच्या टिकल्या चिकटवल्या होत्या. बातम्यांची लाल, कानडीची हिरवी.

उन्हाळ्यात टिकल्या गळून पडायच्या. त्यावरही आईचा तोडगा होता. रेडिओ भिंतीतल्या देवळीत अगदी घट्ट बसायचा, इकडं हलेना की तिकडं. तिनं प्रत्येक टिकलीच्या सरळ वर भिंतीवर कोळशानं रेघ ओढून ठेवली होती. टिकली पडली की रेघ बघायची आणि नवी लावायची. या अकलेचा तिला भारी अभिमान होता आणि आल्यागेल्याला ती रेघा दाखवायची.

एका वर्षी घट बसायच्या तोंडावर रेडिओ मुका झाला. वडील तो पिशवीत घालून एसटीनं पालमला गेले. इकडं दसऱ्याची आवराआवर चालू होती. आईनं पदर खोचला, चुन्यात नीळ कालवली आणि सगळं घर आतून पांढरंशुभ्र केलं. कामाचा झपाटाच तसा होता तिचा, हातात कुंचा आला की ती थांबायची नाही.

संध्याकाळी वडील आले. दुरुस्तीवाल्यानं रेडिओ तर नीट केलाच होता, वर भलेपणानं रॉकेलच्या बोळ्यानं काचही चकचकीत पुसून दिली होती. टिकल्या गेल्या होत्या.

"जाऊ द्या, रेघा हायत की," आई म्हणाली आणि भिंतीकडं वळली.

"भिंत लय झ्याक झाली बरं का," वडील हसत म्हणाले. मग त्यांनी तिचं तोंड बघितलं. रेघाही चुन्याखाली गेल्या होत्या.

नंतरच्या संध्याकाळी आई काटा फिरवत बसली. शिट्ट्या लागल्या, सिनेमाची गाणी लागली, कुठलं कुठलं भाषण लागलं. कानडी लागेना. वडिलांनीही खटपट करून बघितली. शेवटी तिनं रेडिओवर फडकं टाकलं. "गेलं ते गेलं," म्हणाली आणि भाकरी थापायला बसली. मला सगळ्यांचा राग आला, सगळ्यात जास्त त्या चुन्याचा.

शेजारच्या चाची विरजण मागायला आल्या. त्यांच्या घरीही अगदी तसलाच रेडिओ होता, परभणीच्या एकाच दुकानातून वडिलांनी आणि चाचांनी बरोबरच आणलेला.

"रेडिओ का झाकून ठेवलास गं?" चाचींनी विचारलं. मीच सगळं सांगितलं.

"इतकंच? चल माझ्याकडं."

त्यांच्या रेडिओच्या काचेवर सोनेरी गोट्याचा इवलासा तुकडा होता, ओढणीच्या काठाला लावतात त्यातला, खळीनं चिकटवलेला.

"हे तुझं गाणं. मागं तुमचे सेल संपले व्हते तवा तू इथं आलीस. काटा हुडकण्यातच निम्मा टाइम गेला तुझा. तू गेल्यावर काटा व्हता तिथंच लावून ठेवलं. म्हटलं, पुढच्या खेपेला कामाला यील."

"पर भाबी, तुमाला कानडी कुठं कळती?"

"मला कशाला कळाया पायजे?"

चाचींनी काटा गोट्याखाली आणला. थोडी खरखर झाली आणि कुणी बाई कानडीत गाऊ लागली. आई उंबऱ्यावरच बसली आणि रडली. मग डोळे पुसून चाचींशी बोलायला लागली, ती कानडीतच! आपण काय बोलतोय याचं तिला भान नव्हतं. आईचा तो आवाज मी पहिल्यांदाच ऐकत होते. भरभर बोलणारा, मधेच हसणारा. चाचींना त्यातलं अक्षरही कळत नव्हतं. त्या सुपारी कातरत "हौ, हौ" म्हणत राहिल्या.

दुसऱ्या दिवशी दोन्ही रेडिओ शेजारी ठेवून आईनं हिरवी टिकली पुन्हा लावली. एवढ्यावर थांबेल तर ती आई कसली? तसला रेडिओ दिसला की तिची टिकली लागलीच. चुडाव्याच्या आत्याच्या रेडिओवरसुद्धा, तिला न विचारता.

आता घरी स्टेशन छान लागायचं. तरी संध्याकाळी आई चाचींकडंच जायची. मी एकदा विचारलं, तर म्हणाली, "आपला रेडिओ नुसता बोलतोय. भाबी हौ म्हणत्यात."