उभ्या वालावर कुदळ

सासरे वारून बरीच वर्षं झाली. त्यांच्यावरचा माझा राग काही गेला नाही, आणि तो जावा असं मला वाटतही नाही.

तेव्हा भोर संस्थान होतं. माझं सासर गुंजवण्याचं, भातशेतीचं. घराची वाटणी व्हायची होती. घराजवळचं चांगलं खाचर थोरल्या दिरांना आणि उताराचं आमच्या गळ्यात, हे मामंजींनी आधीच सांगून टाकलं होतं. उताराच्या त्या खाचरात लव्हाळा इतका, की लावणीनंतर मी आणि जाऊबाई महिनाभर तण उपटत बसायचो, तरी भाताआधी लव्हाळाच डोकं वर काढायचा. भात निघालं की गावाची गुरं मोकळी सुटत. त्यांच्या खुरांनी बांध ढासळत आणि पावसात माती वाहून जाई. माझ्या दोन पोरांना उद्या याच मातीवर जगायचं होतं.

माहेरी, कामथडीला, माझे वडील असल्या खाचरात भात कापल्याबरोबर वाल टोकायचे. वेल जमीन झाकतो, तणाला ऊन मिळत नाही. फुलावर आला की खत म्हणून तो तसाच मातीत गाडायचा. मी तेच केलं. भोवती करवंदीच्या काट्यांचं कुंपण घातलं. गुरं अडवली म्हणून बाया पाणवठ्यावर माझ्याशी बोलेनाशा झाल्या. नाही बोलल्या तर नाही.

वाल फुलावर आला आणि खरं भांडण पेटलं. मामंजी बांधावर उभे राहून ओरडले, "शेंगा धरायच्या वक्ताला गाडायचा? अन्न हाय त्ये! कुनी नांगर धरला तर माझ्याशी गाठ हाय."

आमच्या ह्यांनी मान खाली घातली. बाईने नांगराला हात लावायचा नाही, हे मलाही ठाऊक होतं. पण कुदळीला कुणी मनाई केली नव्हती. घरचं आवरून मी रोज खणायला जायचे. वाल गाडायचा, लव्हाळ्याच्या गाठी वेचून बांधावर फेकायच्या. दहा दिवस लागले, हात सोलून निघाले. जाऊबाई येता-जाता म्हणायच्या, "अन्न गाडनारीच्या घरी लक्ष्मी ऱ्हात न्हाई." मी त्यांचंच डोकं समजून ढेकळं फोडत राहिले.

पुढच्या पावसाळ्यात तण काढायला चार दिवसही लागले नाहीत. भात माझ्या कमरेच्या वर गेलं. न बोलणाऱ्या बायाही बांधावर येऊन बघून गेल्या.

मळणी झाली आणि मामंजींनी पंच बसवून वाटणी केली.

"थोरल्याची पोरं जास्त. उताराचं खाचर बी त्यालाच. धाकट्याला वढ्याकडचं."

ओढ्याकडचं म्हणजे नुसते दगड आणि हरळी. मी ह्यांच्याकडे पाहिलं.

"आबा म्हनतील तसं," हे म्हणाले.

मी दाराआडून बोलले, "मामंजी, त्ये खाचर म्या खनलंय."

मामंजी माझ्याकडे वळले. इतकं गोड ते माझ्याशी कधीच बोलले नव्हते. म्हणाले, "म्हनूनच की, पोरी. वढ्याकडं बी वाल लाव. तुला येतंय त्ये."

लावला. पोरांना उपाशी ठेवायचं नव्हतं. पण त्यानंतर सणावारी जाऊबाई मामंजींच्या पायाशी वाकायच्या आणि मी बाजूला उभी राहायचे. त्यांना अंगणात शेवटचं निजवलं तेव्हा बायांनी मला पुढे ढकललं. तेव्हाही मी पाया पडले नाही.