मतदानाचा क्रम आणि माझं गळकं छत

सावंत माझ्या ऑनलाइन चर्चासत्रात नेमके केव्हा शिरले, हे मी पाहिलेलं नाही. स्क्रीन शेअर केली की मला माणसं दिसत नाहीत, फक्त माझी समीकरणं दिसतात. पण पुढचा गाढवपणा पूर्णपणे माझा, हे आधीच मान्य करते.

सावंत म्हणजे मुलुंडच्या आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी. मी सातव्या मजल्यावर, गच्चीच्या थेट खाली. दोन पावसाळे माझ्या हॉलच्या मधोमध बादली आहे. पाहुणे आता तिला वळसा घालूनच बसतात. यंदा सोसायटीत एकच काम होणार होतं: गच्चीचं वॉटरप्रूफिंग, नवी लिफ्ट किंवा रंगकाम. सावंतांना रंग हवा होता.

आता आमच्या सभासदांचं त्रांगडं पाहा. रंग की लिफ्ट विचारलं, तर रंग. लिफ्ट की गच्ची, तर लिफ्ट. आणि गच्ची की रंग, तर गच्ची! सावंतांच्या नोटिशीत रंग आणि लिफ्टची लढत आधी होती, जिंकेल त्याची गच्चीशी नंतर. म्हणजे रंग जिंकणार आणि गच्ची त्याला हरवणार. मला काय करायचं होतं? फक्त गप्प बसायचं होतं.

पण मी राज्यशास्त्र शिकवते, तेही गणिताने. मतदानाचा क्रम ठरवणारा निकालही ठरवतो, हा सत्राचा विषय. उदाहरण म्हणून आमचीच सोसायटी घेतली. गोपनीयता म्हणून सेक्रेटरीला ‘स’ म्हटलं आणि स्लाइडवर त्याचं गोलमटोल चित्र काढलं. हसू नका.

लिंक विद्यार्थ्यांऐवजी सोसायटीच्या ग्रुपवर गेली. लगेच डिलीट केली, पण ‘सगळ्यांसाठी’ नव्हे, ‘फक्त माझ्यासाठी’. माझ्या फोनवरून गेली म्हणजे जगातून गेली, असं मी गृहीत धरलं. विद्यार्थ्यांना ऊठसूट पुरावे मागणारी मी!

सत्रात मी ठासून सांगितलं, “‘स’ला रंग हवा असेल, तर त्याने लिफ्ट आणि गच्चीची लढत आधी लावावी. रंग शेवटी आणावा.” चॅटमध्ये प्रश्न आला: असं केलं तर नक्की होईल ना? नावाच्या जागी कुठल्याशा फोनचा मॉडेल नंबर. आजचा सर्वोत्तम प्रश्न, असं म्हणून मी त्याचं उत्तर वीस मिनिटं सिद्ध करून दाखवलं.

रविवारी पार्किंगमध्ये सभा भरली आणि क्रम बदललेला. मी हरकत घेतली.

“अहो मॅडम, तुम्हीच तर शिकवलंत,” सावंत म्हणाले. “फक्त त्या ‘स’चं चित्र जरा बारीक काढायचं ना.”

शेजारच्या कांबळेताईंनी माझा हात दाबला. “किती सोपं करून सांगतेस गं तू. मला पण सगळं कळलं.”

लिफ्टने गच्चीला हरवलं, रंगाने लिफ्टला. बिल्डिंग आता फिकट पिस्त्याच्या रंगाची आहे. बादली जागेवर आहे.

तो प्रश्न तुमचाच ना, असं मी सावंतांना नंतर विचारलं. छे, म्हणाले, चष्म्याशिवाय टाइप करता येत नाही, मी नुसता ऐकत होतो. कांबळेताईही नाही म्हणाल्या. विद्यार्थ्यांपैकी कुणीच नाही. त्यांना लिंक मिळालीच नव्हती; डिलीट करायच्या घाईत ती त्यांना पाठवायचीच राहिली होती.

विचारणारं कोण होतं, ते अजून कळलेलं नाही. उत्तर मात्र अचूक होतं.