वहिनीसाठी मागितलेली सुबुद्धी

देवाच्या खांद्यावर बंदूक ठेवून मी माझ्या वहिनीवर नेम धरला. चूक माझीच, आणि ती मी चर्चमध्ये, रविवारच्या भर मिस्सात केली.

तारोडी गावात वहिनीचं आणि माझं घर एकाच आंगणात आहे. मोठा भाऊ गेल्यापासून घरात मोठं माणूस म्हणून तीच एक. भांडण झालं ते माझ्या नव्या गाडीवरून. ती मी लावायचो नेमकी तिच्या बोंबील सुकवायच्या बांबूंसमोर, उन्हाच्या आड.

"ऊन गाडीला लागतं का बोंबलाला, तूच सांग," ती म्हणाली.

मी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. एका सकाळी ऑफिसला निघालो तर वायपरवर, आरशांवर, दाराच्या कड्यांवर बोंबील लटकलेले! आमच्याकडे लटकवतात तसेच, जबड्यात जबडा अडकवून, जोडीजोडीनं. त्या दिवसापासून आम्ही दोघंही तसेच अडकून राहिलो. एसी लावला की गाडीत भांडणाचा वास यायचा.

आमच्या चर्चमध्ये विश्वासूंच्या प्रार्थना, म्हणजे सगळ्या मंडळींच्या वतीनं देवाकडे करायच्या मागण्या, लिहून वाचायचं काम माझ्याकडे. नाताळआधीच्या आगमनकाळाचा पहिला रविवार जवळ आला होता. त्या दिवशीचं वाचन बायबलमधल्या संदेष्ट्याचं होतं: लोक तलवारी मोडून नांगराचे फाळ करतील, लढाई कुणी शिकणारसुद्धा नाही. मोबाईलवर रोज कुठल्या तरी देशातली पडलेली घरं, ढिगाऱ्यात काहीतरी शोधणारी माणसं दिसत होती. त्यांच्यासाठी प्रार्थना लिहिताना माझे डोळे खरोखर भरून आले. ते पुसले आणि खाली आणखी एक ओळ लिहिली.

रविवारी ती मोठ्यानं वाचली. "जे आपल्या शेजाऱ्यांच्या वाहनांवर मासळी वाळवतात, त्यांना प्रभूने सुबुद्धी द्यावी."

"हे प्रभो, आमची प्रार्थना ऐक," सगळी मंडळी सवयीनं म्हणून गेली. आणि मग, आपण काय म्हटलं ते ध्यानात आल्यावर, मागच्या बाकांपासून हसू पुढे सरकत आलं. फादरांना खोकला आला. बोंबील अख्खं गाव वाळवतं, पण गाडीवर वाळवणारी एकच.

पुढे एकमेकांना शांती द्यायची वेळ आली. सगळे वळून वळून हात जोडत होते. वहिनी समोर वेदीकडे बघत राहिली.

बाहेर आल्यावर शेजारणीला म्हणाली, मला ऐकू जाईल अशा आवाजात, "माझी तक्रार वर गेली, बाय. आता देव येईल बोंबील काढायला."

मीही हसलो. पण संध्याकाळी बायकोनं सांगितलं की वहिनी नाताळला इथं नसणार, माहेरी जाणार आहे. नाताळचं जेवण दरवर्षी तिच्याच चुलीवर होतं. आणि माहेरी तिचं आता कुणीही उरलेलं नाही. माझं हसू तिथंच गळून पडलं. दूरच्या लढाया थांबाव्यात म्हणून रडणारा मी, आणि माझ्या आंगणातून एक बाई परागंदा होत होती.

पुढच्या रविवारी शांतीच्या वेळी मी बाक ओलांडून तिच्यासमोर हात जोडून उभा राहिलो.

"हितं नको," ती पुटपुटली. "देवलात सगलेच गोड असतात. आंगणात ये."

घरी आल्या आल्या मी गाडी काढून मागे नारळाखाली नेली. वरून नारळ पडला तर पडो. बांबूंवर ऊन आलं. वहिनी पायरीवर बसून कोयत्यानं शहाळं तासत होती.

"वहिनी, आधी तो कोयता खाली ठेव."

"का रं? याचा फाळ न्हाय झाला अजून. बोल तू."

मी खालच्या पायरीवर बसलो. "चुकलो गं. जगासाठी शांती मागत होतो आणि तुझं ऊन अडवून बसलो होतो. वर देवालाही आपल्या भांडणात ओढलं. मला माफ कर, आणि नाताळला कुठे जाऊ नकोस."

तिनं तासलेलं शहाळं माझ्या हातात ठेवलं, "पी आधी; गाडी तिथंच नारलाखाली राहू दे, मग नातालची चूल हितंच पेटंल."