अकरा नंबरची नळी

मनोरमाबाईंशी वाद घालायचा तर पोटभर जेवून यावं, असं लॅबमध्ये सगळे म्हणत, आणि त्यात काही खोटं नव्हतं. बाई तिथल्याच, गोडदेव गावच्या. सव्वीस वर्षं लोकांचं रक्त काढतायत. शिक्षण म्हणाल तर एक डिप्लोमा. बेव्हर्ली पार्कजवळच्या त्या संशोधनाच्या लॅबमध्ये त्यांच्याहून कमी शिकलेला एकच, शिपाई दशरथ. संशोधनाचा प्रमुख डॉक्टर पराग तर दोन देशांत शिकून आलेला. बाईंना त्याचं काडीचं दडपण नव्हतं.

काम असं होतं. हृदयाचा स्नायू हळूहळू सैल पडत जातो, असा एक आजार. कळतो तोवर फार उशीर झालेला असतो. म्हणून आजारी आणि ठणठणीत, दोन्ही माणसांचं रक्त घ्यायचं, त्यातली कोणती जनुकं जास्त राबतायत आणि कोणती गप्प बसलीत ते मोजायचं, आणि त्या फरकातून आजाराची आगाऊ खूण शोधायची. आजारी माणसं हॉस्पिटलातून मिळत. ठणठणीत कुठून आणणार? स्टाफनेच बाह्या वर केल्या. त्यांना तपासलं कुणी? कुणीच नाही. रोज कामावर येतो म्हणजे ठणठणीत, झालं.

आणि या ठणठणीतांपैकी अकराव्या नळीचे आकडे येऊन बसले थेट आजाऱ्यांच्या रांगेत.

"हा नमुना बाद करू," पराग म्हणाला. "नळी बाहेर राहिली असणार, ताई. हाताळणीतली चूक म्हणून सही करा."

बाईंच्या डोक्यात तिडीक गेली. सही राहिली बाजूला. त्यांनी त्याच रक्ताची राखून ठेवलेली दुसरी नळी फ्रीझरमधून काढली आणि दोन दिवस खपून सगळं पहिल्यापासून केलं. आकडे तस्सेच.

"आता बोला. माझा हात दोन्ही वेळा सारखाच चुकला?"

पराग वाईट माणूस नव्हता, घाबरट होता. "ताई, खूण अजून सिद्ध झालेली नाही. आणि कुणाचा निकाल कुणाला सांगायचा नाही, नियम आहे. नळीवर नाव नसतं, नंबर असतो."

"नंबर मीच घातलाय."

खोटं कशाला सांगा, भीती बाईंनाही वाटली. नोकरी जाईल ती जाईल, वर एका धडधाकट माणसाला उगाच घोर लावल्याचं पाप. पण अकरा म्हणजे दशरथ होता. लिफ्ट बंद असली की बर्फाचे खोके घेऊन चार मजले चढणारा, आणि हल्ली तिसऱ्या मजल्यावर चपलेचा अंगठा नीट करायच्या निमित्ताने थांबणारा. नियम गेला खड्ड्यात, असं त्या म्हणाल्या, आणि मनातल्या मनात नाही.

निकालाबद्दल चकार शब्द न काढता त्यांनी दशरथला गाठलं. "चल, छातीची सोनोग्राफी करायचीय तुझी."

"मला काय धाड भरलीय, ताई? आम्ही रत्नागिरीकडची माणसं. डॉक्टरचं तोंड बघितलं नाय कधी."

"मग आज बघ. बरा दिसतो तो."

घरात कुणाला हृदयविकार आहे का, या रक्त देतानाच्या फॉर्मवरच्या प्रश्नापुढे दशरथने 'नाही' लिहिलं होतं. रिक्षात बाईंनी तोच प्रश्न आपल्या भाषेत विचारला. "घरात तरणंताठं कोण गेलं?"

"थोरला भाऊ. अडतीस वर्षांचा. लावणी करताना बांधावर टेकला तो उठलाच नाय. पण त्याला हार्टचं काय नव्हतं, ताई. बाहेरचं लागलेलं."

बाईंनी रिक्षावाल्याला जरा जोरात घ्यायला सांगितलं.

दशरथचं हृदय निम्म्या जोरावर चाललं होतं. औषधं आजपासून, ओझं बंद, वेळेत आणलंत, असं तिथले डॉक्टर म्हणाले.

दशरथ बाहेर बाकावर बसला, रिपोर्ट मांडीवर. "ओझं नाय उचलायचं म्हणजे मला काढतील, ताई."

"काढून तर बघू देत. गाठ माझ्याशी आहे." त्या शेजारी टेकल्या. "घरी पोरं किती?"

"दोन."

"उद्या दोघांनाही घेऊन ये."

"पोरं ठणठणीत हायत, ताई."

"सकाळपर्यंत तूही होतास," मनोरमाबाई म्हणाल्या.