बादलीभर ऊब

जमिनीला भोकं पाडण्यात हयात घालवलेल्या त्या ड्रिलिंगवाल्याला अख्खी वसाहत ‘घूस’ म्हणायची. सध्याचं काम जमिनीच्या पोटातल्या वाफेवर वीज करायचं होतं. पण दोन भोकांना कोमट पाणी लागलं आणि पैसेवाल्यांचा धीर सुटला.

“आग नेमकी कुठंय ते सांगा, मग पैसे सोडू.”

“अहो, खणल्याशिवाय सांगू कसं?” तो कळवळायचा.

तिसरं भोक बुजवायचा हुकूम आला आणि त्याच सकाळी त्यातून वाफाळता चिखल वर आला. त्याचा हात चांगलाच पोळला. फोनवर कुणी ऐकून घेईना, तेव्हा त्यानं बादली भरली, अंगातला स्वेटर तिला गुंडाळला आणि बसनं हेडऑफिस गाठलं. साहेब मीटिंगमध्ये होते. बाहेरच्या बाकड्यावर तो बादलीला लेकरासारखा कवटाळून बसला. पोटाला लागणारी ऊब ओसरत चालली होती.

“निवतंय हो, लवकर बोलवा ना!” तो शिपायाला विनवत राहिला.

संध्याकाळी साहेबांनी चिखलात बोट बुडवलं आणि रुमालाला पुसलं.

“गारच आहे की!”

त्यानं पोळलेला हात पुढे केला. साहेबांना वाटलं, निघालाय. त्यांनी तो हातात घेऊन घट्ट दाबला.