सिंधूच्या हळदीला बसलेली

मी नाकाडोंगरीचा. मँगनीजच्या खाणीत उमर गेली. शाळा चवथीपर्यंत, त्यामुळे लिहिण्यात बोली येईल, चुकाही होतील. सांभाळून घ्या.

या सदरात लोक भुताखेताचं लिहितात ते मी वाचतो, अन् खरं सांगू? हसतो. जमिनीच्या पोटात उतरून काम करणारा माणूस मी. दरड पडून माणसं गेलेली डोळ्यांनी पाहिली आणि त्याच जागेवर पुन्हा घण मारला. कोणी कधी पाठीवर हात ठेवला नाही. गावात एका बाईच्या अंगात यायचं, तिला मी तोंडावर म्हटलं होतं, "देव येते तं कामाच्या वेळेस काहून येत नाही व?" असा मी. माझी बायको पार्वता म्हणायची, तुमच्या जिभेला हाड नाही.

तर हे जे झालं ते मी आजपर्यंत कोणाला सांगितलं नाही. ज्यांना सांगायला पाहिजे होतं, त्यांना तर नाहीच.

भंडाऱ्याच्या समोर, वैनगंगेच्या पलीकडच्या काठाला कारधा आहे. तिथं गोमाजी आणि अनुसाबाई यांचं घर होतं. कवेलूच्या छपराचं घर, लांब ओसरी, मागे तीन खोल्या. ओसरीच्या खांबाला पाटी — घरगुती जेवण व राहण्याची सोय. भंडाऱ्यात कोर्टाची तारीख असलेले, दवाखान्यात माणूस ठेवलेले, असे लोक तिथं उतरत. लॉज म्हणायचं तर लॉज, पण तुम्ही घरच्यांच्याच पंगतीत जेवायचं. अनुसाबाई स्वतः वाढणार. भात नको म्हटलं तर ओरडा खायचा.

पौषात वैनगंगेवर आंघोळीला म्हणून मी आणि पार्वता दरवर्षी तिथं मुक्काम करायचो. आम्हाला मूल नाही. पार्वता घरी सगळ्यात शेवटी, चुलीपाशी, उरलंसुरलं खायची. कारध्याला मात्र अनुसाबाई तिला पाटावर बसवायची. लाखोरीचं वरण, वांग्याची भाजी, गरम गरम भात. पार्वता लाजायची, पण चेहरा असा फुलायचा की मी तिकडे बघायचं टाळत असे. गोमाजीची पोरगी सिंधू तिला मावशी अन् मला मामाजी म्हणायची, तिचा पदर सोडायची नाही. अनुसाबाईनं कधीच सांगून ठेवलं होतं, "सिंधूच्या हळदीले जात्याले पयला हात तुहाच." पार्वता म्हणाली होती, "माय, माही कूस रिकामी, तुमचे सोयरे नाव ठेवतीन." अनुसाबाई म्हणाली, "ठेऊ दे नं, त्यायच्या बापाची हळद नाही."

हे सगळं मी लिहून राहिलो, कारण पुढचं त्याशिवाय समजणार नाही.

आणीबाणी उठली त्याच्या पुढचा उन्हाळा असेल. वैशाखात पार्वताला ताप आला. तुमसरला डॉक्टरकडे नेलं, सुया झाल्या, ताप काही उतरला नाही. गेली. नवऱ्याआधी गेली, सवाशीण गेली, म्हणून तिचा भाऊ दामू यानं नवं हिरवं लुगडं आणलं. बायांनी मळवट भरला, ओटी भरली. बाया म्हणत होत्या, भाग्याची. मला काही सुचत नव्हतं. रडूही आलं नाही. लोक म्हणाले, दगड आहे.

अस्थी घेऊन मी वैनगंगेवर निघालो. दामू त्याच्या गावाहून दुसऱ्या दिवशी सकाळी कारध्याला यायचा होता, दोघांनी मिळून सोडायच्या असं ठरलं. बसनं उतरलो तेव्हा ऊन कलतं झालं होतं. आमच्याकडं अस्थी कोणाच्या घरात नेत नाहीत. झाडाला बांधून ठेवतात. नदीच्या वाटेवर एक करंज होता, त्याच्या फांदीला गाठोडं बांधलं. मग माझे पाय आपोआप गोमाजीच्या घराकडे वळले. दुसरं घर मला माहीतच नव्हतं. वाटलं, बाहेरूनच सांगू, रात्रीपुरता गोठ्यात कोपरा मागू. सुतक आहे म्हणून ओसरीवरही चढायचं नाही, एवढी अक्कल होती.

अंगणात हिरवा मांडव. जांभळीच्या डहाळ्या, आंब्याचं तोरण.

तेव्हा आठवलं. सिंधूचं लग्न वैशाखात आहे असा निरोप आला होता. आजारपणात डोक्यातून निघून गेलं होतं. मी उलट्या पावली फिरणारच होतो, तेवढ्यात सिंधूनं मला पाहिलं. धावत आली.

"आले व माय, मामाजी आले! मावशी कोठी आहे?"

तिच्यामागे अनुसाबाई. "या जी भाऊजी, या. तुमचीच वाट पाहून राहिलो. अन् माही बाई कोठी सोडली?"

डोकं अजून भादरलेलं नव्हतं, ते दहाव्याला. अंगावरून कोणाला काही समजण्यासारखं नव्हतं. सगळ्या बाया माझ्या तोंडाकडं बघत होत्या. लग्नघरच्या मांडवात उभं राहून 'मेली' हा शब्द काढायचा कसा, तुम्हीच सांगा. ज्या माणसानं आयुष्यभर तोंडावर बोलण्याची मिजास केली, त्याच्या तोंडातून निघालं —

"मागून येऊन राहिली."

अनुसाबाई खूश. तिनं तिथूनच आवाज दिला, "जात्याले हात लावू नका व कोणी. पार्वताबाई येऊन राहिली. ते आल्याबिगर हळद दळाची नाही."

एक सोयरीण म्हणाली, "अवो, दिवस बुडते नं. कवापर्यंत थांबाचं?"

"थांबाचं मंजे थांबाचं," अनुसाबाई म्हणाली.

मला पाणी दिलं, ताट वाढायला निघाल्या. उपास आहे म्हणून सांगितलं. ओसरीच्या कडेला टेकलो होतो, पण बसवेना. जातं मांडलेलं, सुपात हळकुंडं, चार सवाशिणी हात धुऊन बसलेल्या, आणि सगळ्यांचे डोळे रस्त्याकडे. माझ्या एका शब्दासाठी एका पोरीची हळद अडून राहिली होती. जिची वाट पाहत होत्या, ती तिकडे करंजाला टांगलेली.

बस पाहून येतो असं सांगून मी नदीकडे गेलो. करंजाखाली बसलो. बराच वेळ बसलो. गाठोड्याशी बोललो की नाही हे मला आता सांगता येत नाही. बोललो असेन. असंच काही, की पार्वते, फसलो व मी, आता काय करू. शेवटी ठरवलं, गोमाजीला बाजूला बोलावून खरं सांगायचं. शिव्या देईल, देऊ दे. मांडव शिंपून घेतील, गोमूत्र शिंपडतील, पण पोरीची हळद तरी होईल.

परत आलो तेव्हा दिवे लागत होते. मांडवातून हसण्याचा आवाज येत होता. सिंधू पाटावर बसलेली, तोंड, हात, पाय पिवळेधमक. जात्याभोवती हळदीचा सडा.

मी गोमाजीला शोधायच्या आधी अनुसाबाईनंच मला गाठलं.

"कोठी जाता जी भाऊजी तुमी? बाई आली, तुमी तिकडंच! भेट नाही झाली का?"

मी म्हटलं, "कोण बाई?"

"घ्या! आता बायको ओळखत नाहीत." बाया खो-खो हसल्या. "आली, पाय धुतले, बसली जात्याले. अशी दळली का आमाले हात लावू देल्ला नाही. हिरवं कोरं लुगडं, कपाळ भरून कुंकू. मी म्हटलं, बाई, नवरीपरीस तूच नटली."



त्या सोयरिणीला मी विचारलं, तुम्ही पाहिली? ती म्हणाली, "पाहिली मंजे? बाजूले बसली होती माह्या. हात मातर लय थंडे होते बाईचे. म्हटलं, नदीवरून आली असन."

सिंधू म्हणाली, "मामाजी, मावशीनं तुमची चुगली केली. म्हणे वरणात मीठ कमी झालं तं हे बोलत नाहीत, फुगून बसतात." पुन्हा हशा. ही गोष्ट खरी आहे. घरातली आहे. मी कोणाला कधी सांगितली नव्हती.

"आता कोठी आहे?" मी विचारलं.

"तुमालेच पाहाले गेली नं नदीकडं. ताट वाढून देलं तं जेवली नाही, म्हणे आधी त्यायले वाढा, कालपासून उपाशी आहेत."

कालपासून उपाशी होतो, हे खरं होतं.

मी धावलो. गोमाजीच्या घरापासून नदीला एकच वाट आहे, दोन्ही बाजूंनी कुंपण. त्याच वाटेनं मी आत्ता आलो होतो. एक म्हातारा बैल घेऊन परतताना भेटला होता, दुसरं माणूस नाही. करंजापर्यंत गेलो. गाठोडं जसंच्या तसं. गाठ मी मारली तशीच. मी हाका मारल्या. नाव घेऊन मारल्या. आयुष्यात तिला नावानं मोठ्यानं हाक मारली नव्हती.

परत आल्यावर खरं सांगायला पाहिजे होतं ना? आता तर सांगायची सोयच राहिली नाही. तुमच्या पोरीच्या अंगावर आहे ती हळद मेलेल्या बाईनं दळली, हे कोणत्या तोंडानं सांगू? लग्न मोडलं असतं. पोरगी भीतीनं मेली असती. मी म्हटलं, भेटली. भावाकडे गेली, भंडाऱ्याला. सकाळी जाणं आहे आम्हाला.

अनुसाबाईनं ताट आणून ठेवलं. मी जेवलो. सुतकात, मांडवाखाली, ओसरीवर बसून. वरणात मीठ बरोबर होतं, थोडं जास्तच.

सकाळी निघताना अनुसाबाईनं पदराखालून काढून ओटी दिली. तांदूळ, नारळ, खण. "बाई ओटी न घेताच गेली जी. देजा तिले. अन् म्हणा, मी रागावली."

दामू नदीवर आला होता. त्यानं विचारलं, हा खण कुठला? मी म्हटलं, तिचाच आहे. अस्थींसोबत ओटीही वैनगंगेत सोडली. नारळ थोडा वेळ तरंगत राहिला, मग प्रवाहाला लागला. दामूला वाटलं मी आता रडेन. मी तेव्हाही रडलो नाही.

त्यानंतर मी कारध्याला गेलो नाही. अनुसाबाईचे निरोप येत — बाईले घेऊन या. मी निरोप देत असे, तिचे गुडघे दुखतात. अशी मी तिला त्या घरात कितीतरी वर्षं जिवंत ठेवली. गोमाजी वारला तेव्हाही गेलो नाही.

पुष्कळ विचार केला. दुसरी कोणी बाई असेल, गर्दीत गल्लत झाली असेल म्हणावं, तर अनुसाबाई तिला इतकी वर्षं ओळखत होती. घरच्यांना खरं समजलं असेल आणि त्यांनी मला सांभाळून घेतलं असेल म्हणावं, तर लग्नघरात असं कोण करतं? आणि मिठाची गोष्ट त्यांना कोण सांगणार? मला तर एकच सलतं. सगळ्यांना दिसली. त्या सोयरिणीलाही दिसली, जिनं तिला कधी पाहिलं नव्हतं. मलाच काहून नाही दिसली? मी खोटं बोललो म्हणून?

मागल्या वर्षी शहापूरच्या बस थांब्यावर मागून कोणीतरी म्हणालं, "मामाजी!" सिंधू. तिथंच दिली आहे तिला. अंगानं भरली, सोबत दोन लेकरं. माझ्या पाया पडली. मग विचारलंच.

"मावशी कशी आहे जी?"

मी म्हातारा झालो. आता निभत नाही. म्हटलं, "गेली व."

"कवा?"

खरं सांगायची वेळ पुन्हा आली होती. मी म्हटलं, "यंदाच."

ती तिथंच, रस्त्याच्या कडेला, धुळीत बसली. लोक पाहत होते, तिनं कोणाची पर्वा केली नाही. मोठ्यानं रडली. "माह्या हळदीले किती हसवलं होतं व मावशे," असं म्हणत रडली. लहान पोरगी घाबरून तिचा पदर ओढत होती. मी समोर उभा. माझी बस आली अन् मी चढलो. तिला रडती सोडून चढलो.

म्हणून हे लिहिलं. त्या दिवशी जात्यावर कोण बसलं, हे मला आजही समजलेलं नाही. वाचणाऱ्यांपैकी कोणाला समजत असेल तर कळवा, मी मानेन. न मानण्याची मिजास आता राहिली नाही.

पण सिंधू, हे कोणी तुला वाचून दाखवलं तर भिऊ नको. तुझी मावशी मागल्या वर्षी नाही, तुझ्या हळदीच्या आधीच गेली होती. मी खोटं बोललो, दोन्ही वेळा. तरी ती कुंकवासकट गेली, सवाशीणच होती. तुझ्या हळदीला वाईट हात लागला नाही पोरी. तुझ्या मांडवात अशुभ असं कोणी आलंच असेल, तर ते मी. सुतकात येऊन, पोटभर जेवून गेलेला.